लाल दिव्याची नादडबी

“हात लावा, हात लावा! हात गाडीला, भार गुरूला!”

नादगुरूंचा मेहुणा गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होता आणि टेकडीच्या उतारावर जमलेली माणसं त्या राखाडी गाडीला गुळाला मुंग्या लागाव्यात तशी लागली होती. ज्यांना गाडी सापडली नाही त्यांनी पुढच्याच्या पाठीला हात लावला होता. सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघत होता, “हुंऽऽऽ”, दाढ दुखणाऱ्या माणसाने कण्हावं तसा. गाडी सकाळपासून मेलेली होती. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ व्हायचं. आता ती हलली, घरंगळली, तिने वेग धरला. उताराच्या मध्यावर ती आली आणि बाकावर उभ्या असलेल्या नादगुरूंनी दोन्ही हात वर केले मात्र, गाडीला एक हिसका बसला, ती खोकली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली.

मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, रडारड. एका आजोबांनी धुरातच हात जोडले आणि खोकत खोकत डोळे पुसले.

“पाहिलंत?” नादगुरू म्हणाले. “पेट्रोल नाही, बॅटरी नाही, मेकॅनिक नाही. फक्त नाद!”

“पेट्रोल आहे की,” कठड्यावर बसलेल्या बाई पुटपुटल्या. “काल मीच भरलं.”

बाई म्हणजे शाळेच्या बाई. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवलं होतं आणि गाडीला हात लावणाऱ्यांतली निम्मी डोकी त्यांनी कधी ना कधी बाकावर उभी केली होती. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची. मागच्या सीटवर, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती ती त्यांची भावजय. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे एक दिवसाआड तिला दवाखान्यात नेऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागे. यंत्रावरची वेळ ठरलेली. उशीर झाला की तेवढी वेळ कापली जायची, कारण पाठीमागे दुसरा रोगी वाट पाहत असायचा.

“चला, आता नादफेरी!” गुरूंनी हुकूम सोडला. “इंजिन बंद करायचं नाही. वस्तीभोवती तीन वेढे!”

“अहो, तिची वेळ टळतेय,” बाई कठड्यावरून उठत म्हणाल्या. “आधी दवाखान्यात तरी नेऊ द्या.”

“बाई,” गुरू गोड हसले, “दवाखाना शरीर धुतो. नाद नशीब धुतो. आधी काय धुवायचं ते तुम्हीच सांगा.”

लोक हसले. धाकट्या भावाने मान डोलावली आणि तो मेहुण्याशेजारी बसला. बाईंनी तेवढ्यात एक गोष्ट पाहून ठेवली होती. गुरूंचे हात वर जाण्याच्या जरासंच आधी मेहुण्याचा डावा गुडघा वर आला होता.

*

नादडबी साबणाच्या वडीएवढी. आत गाणी वाजवणारं एक यंत्र, त्यात गुरूंच्या आवाजातला हुंकार भरलेला, पुढे बारीक लाल दिवा आणि मागे एक वायर. वायरची पिन गाडीतल्या लायटरच्या सॉकेटात खोचायची आणि काही झालं तरी काढायची नाही. नाद अखंड हवा. ज्या गाडीत नाद तिला ना अपघात, ना घात. ज्या घरची गाडी त्या घरातल्या दुखणाइताला आराम.

त्यातही गुरूंनी एक मेख मारून ठेवली होती. काही गाड्यांत किल्ली काढली की डबी गप्प होई आणि लाल दिवा विझे. काहींत किल्ली काढल्यावरही दिवा जळत राही. जिथे तो जळत राही ती माणसं नादाने निवडलेली. धाकट्याच्या गाडीत दिवा विझत नव्हता. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी तो बाईंकडे धावत आला होता. “ताई, आपली गाडी निवडलेली आहे!” साठी उलटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद बाईंनी खूप दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून त्या तेव्हा गप्प बसल्या.

पुढे निवडलेल्यांच्याच गाड्या सकाळी मरून पडू लागल्या. गुरूंकडे त्यालाही उत्तर तयार होतं. “संकट तुमच्या दारात आलं होतं. नादाने ते रात्रभर झुंजून परतवलं. तो थकला. त्याला शिव्या देता? त्याला हात लावा!” मेलेल्या गाडीला मेहुण्याशिवाय कुणी चालवायचं नाही आणि हुंकाराशिवाय कुणी ढकलायचं नाही, नाहीतर परतलेलं संकट ढकलणाऱ्याला झोंबतं, असाही नियम होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बाईंनी विचारलं, “तुला तरी कळतंय ना रे?” तो हात पुसत म्हणाला, “बाई, कळतंय. पण मी बोललो तर माझ्याकडे गाडी कोण आणेल?” त्याच्या फळीवरही नादडबी होती.

त्या संध्याकाळी बाईंनी भावाला गाडीपाशी नेलं.

“बाळ्या, किल्ली तुझ्या खिशात आहे ना? मग हा दिवा कशावर जळतोय?”

“नादावर.”

“बॅटरीवर जळतोय. या गाडीचं सॉकेट किल्ली काढली तरी चालू राहतं. तशी तारच जोडलेली आहे. ज्यांच्या गाडीत दिवा विझतो त्यांचं सॉकेट किल्लीबरोबर बंद होतं. निवडबिवड काही नाही.”

“एवढीशी डबी आणि एवढी मोठी बॅटरी खाणार? ताई, तू पण ना.”

“डबी अल्पाहारी आहे, कबूल. नवी बॅटरी असती तर तिने हिला कितीतरी दिवस पोसलं असतं. पण ही बॅटरी माझ्यासारखी म्हातारी. गाडी एक दिवसाआड निघते, दवाखाना गाडीने पाच-सात मिनिटांवर, तेवढ्यात ती भरत नाही. आणि डबी रात्रंदिवस खातेय.”

धाकट्याने बोट उगारलं. त्याला वाटलं, सापडली ताई. “बॅटरी संपली म्हणतेस, तर सकाळी गाडी बंद असताना डबी कशी वाजत होती? दिवा कसा जळत होता?”

“हंड्याच्या तळाला वाटीभर पाणी उरलं, तर घोटभर पिता येतं. आंघोळ होते का? दिव्याला घोट लागतो. इंजिन फिरवायला हंडा लागतो.”

त्याने उगारलेलं बोट खाली घेतलं. बाईंना वाटलं, पटलं. त्यांनी आणखी पुढे रेटलं. “आठवतं ना, आपल्याकडे भोंग्याचा ग्रामोफोन होता? चावी देऊन देऊन तुझा हात दुखायचा. चावी संपली की गाणारी बाई रडायला लागायची आणि तू हसायचास. गाणं वाजायला कुणाचा तरी हात दुखावा लागतो, बाळ्या. इथे बॅटरीचा दुखतोय.”

“मग अण्णांची गाडी?” बाईंनी वडिलांची आठवण काढली. “हिवाळ्यात रोज सकाळी बंद. अण्णा स्टिअरिंगच्या चाकावर, आपण दोघं मागे. ढकलताना पाढे म्हणायला लावायचे. बेचा पाढा संपायच्या आत गाडी सुरू. तेव्हा कुठे होते नादगुरू?”

धाकट्याने सॉकेटकडे हात नेला. पिनला त्याची बोटं लागली सुद्धा. मग त्याने हात मागे घेतला.

“ताई,” तो हळू म्हणाला, “डॉक्टरांनी मला सांगितलंय, आता फक्त दिवस ढकलायचे. त्यांच्याकडे दुसरं काही नाही. गुरूंकडे आहे. मी ही पिन काढली आणि तिला काही झालं तर?”

बाईंनी गाडीचं दार हळूच लावलं. बाई घरात गेल्या.

*

थोड्या दिवसांनी गाडी पुन्हा मेली. भावजयीला आदल्या दिवसापासून धाप लागत होती. तिला आडवं होता येत नव्हतं, म्हणून ती मागच्या सीटवर टेकून बसली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिचे खांदे वर जात होते. भावाचं घर बाईंच्या घराशेजारीच, टेकडीच्याच रस्त्यावर, गुरूंच्या सभागृहाच्या जरा खाली, आणि गाडीचं तोंड उताराकडे. एक धक्का बसला असता तर काम झालं असतं. पण सभागृहात बैठक होती. बाहेर चपलांचा ढीग आणि दारात मेहुणा.

“गुरू ध्यानात आहेत,” तो म्हणाला. “उठले की येतो.”

“कधी उठतील?”

“ध्यान आहे ते. गजर लावून करत नाहीत.”

“दुसरी गाडी मिळेल का बघतो,” धाकटा म्हणाला. पण पाय हलले नाहीत त्याचे. तो सभागृहाच्या दाराकडे बघत उभा राहिला, आतून कुणी बोलावेल म्हणून.

भावजय आतल्या आत खिडकीशी सरकली. “वन्सं,” तिला दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं, “मला… जमत नाहीये.”

बाईंनी पदर खोचला. सभागृहाच्या पायरीवर चढल्या आणि वर्गात चढवायच्या त्या आवाजात ओरडल्या, “ज्याने ज्याने माझ्या हातची छडी खाल्लीय त्याने बाहेर यायचं! आत्ता!”

ध्यान मोडलं की नाही कोण जाणे, पण माणसं बाहेर आली. सवय मोठी वाईट असते. टक्कल पडलेला दूधवाला, सुईण, दोन शिंपी भाऊ, बँकेतला शिपाई. सगळे ओळीत उभे राहिले आणि मग आपण का उभे आहोत ते आठवून ओशाळले.

“गाडी ढकलायची आहे.”

“बाई, हुंकाराशिवाय नको,” दूधवाला म्हणाला. “संकट झोंबतं.”

“हुंकार नको. बेचा पाढा म्हणायचा. येतो ना? का तोही विसरलास? झोंबलं काही तर माझं नाव सांग.”

बाई स्वतः चाकावर बसल्या. किल्ली फिरवून ठेवली, डाव्या पायाने क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. “बघा रे सगळे,” त्यांनी दार उघडंच ठेवलं. “माझ्या डाव्या पायाकडे बघा. गुरूंच्या हाताकडे नाही, मेहुण्याच्या पायाकडे बघायचं असतं. चला! बे एके बे!”

“बे… बे दुणे चार,” सुईण आधी म्हणाली.

“मोठ्याने! बे त्रिक सहा!”

“बे चोक आठ!” गाडी हलली. “बे पंचे दहा!” शिंपी भावांना हसू फुटलं. “बे सक बारा!” ती घरंगळली, आता सगळे गळा काढून म्हणत होते, पळत होते, म्हातारे होऊन गेलेले ते सगळे विद्यार्थी. आरशात बाईंना धाकटा दिसला. तो ढकलत नव्हता, कडेला उभा होता. पण त्याचे ओठ हलत होते. बे साते चौदा. बाईंनी डावा पाय सोडला. हिसका बसला, गाडी खोकली आणि सुरू झाली.

त्यांनी हातब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं आणि खिडकीतून बाहेर डोकं काढलं. “समजलं? उतारावर चाकं फिरतात. क्लच सोडला की चाकं इंजिनला फिरवतात. बॅटरीचं काम तुमच्या हातांनी केलं. नंतरचे तीन वेढे कशाला? इंजिन चालू राहिलं की बॅटरी भरते म्हणून. सगळं सातवीच्या पुस्तकात होतं. मीच शिकवलं होतं!”

दूधवाल्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. त्या एका क्षणासाठी आपण आयुष्यभर शिकवत होतो, असं बाईंना वाटून गेलं.

आणि मग पायरीवर नादगुरू आले. त्यांनी डोळे मिटले, स्मित केलं. “बाईंना माझा नमस्कार. आज त्यांनी सिद्ध केलं. आकडा म्हणजे काय? नादच! बे एके बे हा आद्य हुंकार आहे. ज्याने आयुष्यात कधी गुरू मानला नाही, त्याच्या तोंडूनही नाद बाहेर पडला आणि गाडी चालू झाली. बोला!”

“हुंऽऽऽ!” सगळा उतार दुमदुमला. दूधवाला सर्वांत मोठ्याने. सुटका झाल्यासारखा.

बाईंनी ब्रेक सोडला आणि दवाखान्याची वाट धरली.

*

भावजयीला त्या दिवशीची वेळ पुरी मिळाली. ती यंत्रावर होती तोवर बाईंनी गाडी गावभर फिरवून बॅटरी भरून घेतली. परतताना तिला जरा बोलता येत होतं.

“वन्सं, बे साते किती हो?”

“चेष्टा करतेस होय गं?”

“मला आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली. “दिवा मीही बघते ना रोज. पण त्यांना रात्री झोप लागते, तो दिवा जळतोय म्हटल्यावर. मी म्हटलं, लागू दे.” मग ती पुढे वाकली. सुजलेल्या बोटांनी तिने पिन धरली आणि उपटली. हुंकार मध्येच तुटला. गाडीत फक्त गाडीचा आवाज राहिला. “मला वेळेवर जायचंय. त्यांना सांगा, तुम्ही काढली. माझ्यावर रागावलेलं मला नाही सोसायचं.”

“सांगेन,” बाई म्हणाल्या.

धाकटा दोन दिवस बोलला नाही. पण गाडी सुरू होत राहिली. किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात. भावजय वेळेवर जाई, वेळेवर येई. डबी बाईंच्या कपाटात पडून होती. हाच तर पुरावा, दुसरा काय हवा? बाई एक दिवसाआड सकाळी खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकत आणि वाट बघत, आज तरी तो येऊन म्हणेल, ताई, तुझं खरं होतं.

उन्हाळा सरता सरता भावजय गेली. वेळेवर नेलेल्या दिवशीच, यंत्रावरच, हृदय थांबून. डॉक्टर म्हणाले, दमलं होतं. एवढे दिवस मिळाले हेच पुष्कळ.

माणसं भेटायला आली. दूधवाला आला, सुईण आली. कुणी मोठ्याने काही बोललं नाही. पण दारात चपला घालताना सुईण कुणाला तरी म्हणालीच, “नाद तुटला ना… बाईंनी तोडला.”

सगळे गेल्यावर धाकट्याने विचारलं, “डबी कुठे आहे?”

बाईंच्या ओठांवर आलं होतं. ती मी नाही काढली, बाळ्या. तिनेच काढली. पण मग तो उरलेलं आयुष्य गेलेल्या बायकोवर रागावून काढेल. तिनेच नाद तोडला, तिनेच मला सोडलं, म्हणून. त्यापेक्षा बहिणीवर रागावलेला बरा. बहीण अजून जिवंत होती, तिला सोसता येत होतं.

त्यांनी कपाट उघडलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

*

आता गाडीतून कुणाला कुठे न्यायचं नसतं. ती दारात उभी असते, पिन खोचलेली, दिवा जळत. दिवा आधी मंद होतो, मग हुंकार बसतो, आजारी माणसाचा बसावा तसा, मग दोन्ही संपायला येतात. त्या दिवशी धाकटा किल्ली फिरवतो. टक्.

परवा बाई तिथेच होत्या. तो चाकावर बसला होता, अगदी अण्णा बसत तसा, एक कोपर खिडकीबाहेर. मेहुण्याला बोलवायला कुणीतरी गेलं होतं.

“मी ढकलते,” बाई म्हणाल्या.

“तुला काय झेपणार?”

“डावा पाय तुझा, हात माझे. अण्णांच्या वेळी झेपायचं की.”

त्यांनी डिकीवर तळवे टेकले आणि जोर लावला. पत्रा गार होता. गाडी तसूभर हलली नाही. “बे एके बे,” त्या म्हणाल्या, धाप लागत. “बाळ्या, म्हण की रे. बे दुणे चार.” आरशात त्यांना त्याचे डोळे दिसले. ओठ नाही हलले.

मग वरून माणसं धावत आली, बाईंना हळूच बाजूला केलं, “बाई, तुम्ही बसा, तुम्ही बसा,” आणि हुंकार सुरू झाला. मेहुण्याने धाकट्याला सरकवून चाक घेतलं. उताराच्या मध्यावर गाडी खोकली, धूर ओकली, सुरू झाली. धाकट्याने खिडकीतून मागे वळून बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. “बघितलंस?” एवढंच होतं.

बाईंनी बघितलं होतं. डावा गुडघा वर आला होता.

मंडळी, गाडी कुणाचीही असो. किल्ली काढल्यावरही तिच्यात एखादा दिवा लुकलुकत असेल, काही वाजत असेल, तर ते बॅटरीवर वाजतं, दुसऱ्या कशावरही नाही. पिन काढून ठेवा आणि सकाळी किल्ली फिरवून बघा. पुन्हा खोचा आणि पुन्हा बघा. एवढं बघायला गुरू लागत नाही, बाईसुद्धा लागत नाहीत. आणि घरातलं माणूस आजारी असेल, तर त्याला आधी दवाखान्यात पोहोचवा. वाचेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण त्याची वेळ तरी कापली जाणार नाही.